गाठ साधी होती

आमच्या वाचनालयाच्या सचिवांनी वार्षिक अंकासाठी माझ्याकडे तीनशे शब्दांत 'प्रेरणादायी अनुभव' मागितला होता. सोबत हसरा फोटो. मी जे लिहून दिलं ते त्यांना लांब वाटलं आणि प्रेरणा कुठे आहे ते सापडेना, म्हणून परत आलं. तेच हे.

मी तालुक्याच्या गावी ग्रंथपाल आहे. आम्ही राहतो इंझोरीला. घरचं भाजीचं वावर आहे. सकाळी मेथी-पालकाच्या जुड्या बांधायच्या आणि अकरा वाजता वाचनालयाचं कुलूप काढायचं, अशी माझी वीस वर्षं गेली. ज्यांना डॉक्टरांनी नुकतंच 'घाबरू नका, साधी गाठ आहे' असं सांगितलंय, त्यांच्यासाठी मी लिहिते आहे. इतरांनी वाचलं तरी हरकत नाही. फक्त मला पाहायला येताना सफरचंदं आणू नयेत. पुरे झाली.

पीडा जाते

पहिली चप्पल रामनवमीला गेली. पोहरादेवीला त्या दिवसांत इतकी माणसं येतात की आमची काकडी दुपारच्या आत संपते. टोपल्या रिकाम्या झाल्यावर मी आणि सासूबाई दर्शनाला गेलो. गर्दीतून बाहेर आले तेव्हा माझा डावा पाय अनवाणी होता. चप्पल कधी निसटली, मला कळलंच नव्हतं.

यात्रेत चप्पल हरवणं ही काही बातमी नव्हे. सासूबाई उलट खूश झाल्या.

"बरं झालं. चप्पल गेली, पीडा गेली."

आमच्याकडे असं मानतात. देवाच्या दारी चप्पल हरवली की तिच्यासोबत साडेसातीही जाते. दोन्ही जाव्या लागतात की एक पुरते, याबद्दल शास्त्र स्पष्ट नाही. म्हणून मी उरलेली उजवीही तिथेच सोडून आले.

पीडा तेव्हा माझ्या पाठीत होती. वर्षभर ब्लाउजच्या खालच्या काठाशी, कुणी सुंभ आवळावं तसं दुखत होतं. पण भाजीवाल्या बाईची पाठ दुखणं म्हणजे विहिरीला पाणी असणं. त्यात विचारण्यासारखं काय? मलम झालं, पट्टा झाला, नस चढली आहे असं सांगून माझ्या पाठीवर गुडघा देणारा एक मालिशवालाही झाला. त्या गुडघ्यानं काय केलं असेल याचा विचार मी आता करत नाही.

दुसरी चप्पल वावरातल्या चिखलात गेली. तिसरी ऑटोत. वैशाख होता, भर दुपार होती, आणि मी ऑटो थांब्यापासून वाचनालयापर्यंत डांबरी रस्त्यानं एका पायात चप्पल घालून चालत गेले. ऑटोवाला मागून ओरडत आला, "मॅडम, चप्पल राह्यली ना तुमची! पाय भाजून नाई राह्यला काय?"

नव्हता भाजत. संध्याकाळी माझा नवरा विलास ओसरीवर बसला होता. मी पाय पसरले तेव्हा त्याची नजर तळव्यावर गेली.

"अवो, हे काय? फोड आला ना हा येवढा! तुले समजलं नाई?"

"नाई समजलं."

तो फोडाकडे बघत राहिला. मी त्याच्याकडे. भीती घरात आली ती त्या वेळी. पण तिला बसायला कुणी पाट दिला नाही.

चार वाक्यं

अकोल्याला एमआरआय झाला. यंत्राच्या नळीत घालण्याआधी त्यांनी माझं मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी काढून विलासच्या हातात दिली. तो ती मुठीत धरून बाहेर असा बसला होता की त्याला पाहून एका बाईनं माझ्यासाठी हळहळ व्यक्त केली, असं त्यानंच नंतर सांगितलं.

डॉक्टर तरुण होते आणि मोजकं बोलत. त्यांनी फिल्म उजेडावर धरली. मणक्यांच्या माळेच्या आत एक पांढरी दोरी खाली येत होती, आणि एका जागी ती बाजूला दाबली जाऊन पातळ झाली होती. तिथे बोराएवढी गाठ होती.

ते चार वाक्यं बोलले. मला ती पाठ आहेत. "घाबरू नका, दिसते तरी साधी गाठ, कॅन्सरची वाटत नाही. अशी गाठ आम्हालाही फार दिसत नाही. पण ती जागा वाईट आहे, मज्जारज्जू दाबते आहे. पंधरा दिवसांत काढून टाका."

चारातलं आम्ही एकच घेऊन बाहेर आलो. आमच्याकडे ओलं-सुकं वेगळं करायची सवय असते, तसं केलं. विलासनं वऱ्हांड्यातूनच गावी फोन लावला.

"माय, काई नाई. साधी हाय म्हणे. साधी, साधी! टेन्शन नाई."

आम्ही गावात उतरलो तेव्हा थांब्यावर चार जणांनी माझं अभिनंदन केलं.

साधीचे नातेवाईक

त्यानंतर चार महिने मी ती गाठ पाठीत घेऊन राहिले. हे लिहिताना आजही माझा हात थांबतो. डॉक्टरांनी पंधरा दिवस सांगितले होते.

साधी म्हटल्यावर तिचे नातेवाईक निघाले. माझ्या दिरानं सदरा वर करून आपली चरबीची गाठ दाखवली. "हे पाहा वहिनी, वीस वर्सं झाली. खाते-पिते, काई म्हणत नाई." कुणाच्या बैलाच्या मानेवर होती, कुणाच्या आत्याच्या मनगटावर होती, ती तर जात्यावर बसल्यानं आपोआप विरघळली. "साधी हाय ना? मंग कापता कायले?" हा प्रश्न मला इतक्यांनी विचारला की तो मलाही पडायला लागला.

आणि शेजारच्या गावचा एक माणूस होता. त्याचं नाव कुणालाच नक्की माहीत नव्हतं, पण मणक्याच्या ऑपरेशननंतर तो 'बसला' हे सगळ्यांना माहीत होतं. "मणक्याले हात लावला का माणूस बसते." विलासला हा माणूस झोपेतही दिसायचा.

आधी पेरणी होऊ द्या. मग पोळा होऊ द्या. मग महालक्ष्म्या, कारण त्या आमच्याच घरी बसतात. मग सोयाबीन निघू द्या. तारीख प्रत्येक वेळी माझ्यासमोर ठरली आणि प्रत्येक वेळी मी मान हलवली. हे मला घरच्यांवर ढकलता आलं असतं तर बरं झालं असतं.

मी तर पुस्तकात राहणारी बाई. वाचनालयातले सगळे कोश मी खाली काढले. तिथे 'सौम्य' असं लिहिलेलं होतं. एका ठिकाणी चक्क 'निरुपद्रवी'. मी तो शब्द दोनदा वाचला आणि कोश जागेवर ठेवून दिला. त्या वेळी कमरेखाली माझी साडी दुसरीच कुणी नेसल्यासारखी वाटत होती, जिन्यावर डावा पाय पायरीला अडत होता. पण छापलेल्या शब्दावर माझा आयुष्यभर विश्वास. कोश लिहिणाऱ्यांपैकी कुणी माझ्या पाठीत आलेलं नव्हतं, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

वाचनालयात

एका सकाळी मेथीच्या जुड्या बांधून उठायला गेले आणि उठताच आलं नाही. सासूबाईंनी हात दिला. "बसून बसून मुंग्या आल्या असतीन," त्या म्हणाल्या. मी वाचनालयात गेले.

दुपारी दोन वाचक वर्तमानपत्रं चाळत बसले होते. मी नोंदवहीत पुस्तकं चढवत होते. खुर्ची ओली झाली. मला लघवीची भावनाही झाली नव्हती. पातळ थंड लागलं तेव्हा हाताला कळलं. पायांना नाही.

मी बंद व्हायच्या वेळेपर्यंत खुर्चीतून हलले नाही. एकानं पुस्तक बदलून मागितलं तेव्हा मी म्हटलं, "आज स्वतःच कपाटातून घ्या, माझा विश्वास आहे तुमच्यावर." तो फार भारावला.

घरी विलासला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत दारात गाडी होती. वावरात सोयाबीन उभं होतं. त्याचं नावही कुणी काढलं नाही.

वॉर्ड

डॉक्टरांनी पायाच्या तळव्यावर किल्ली ओढली, बोटं वर-खाली करून विचारलं, आणि मग म्हणाले, "मी पंधरा दिवस सांगितले होते." आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला रडता आलं असतं.

"पाय परत येईल ना?" विलासनं विचारलं.

"गाठ काढणं माझ्या हातात आहे. पाय किती परत येईल, ते मी सांगू शकत नाही."

म्हणजे प्रश्न आता गाठीचा राहिलाच नव्हता. मी चालणार की त्या शेजारच्या गावच्या माणसासारखी बसणार, एवढाच होता. आणि बसलेच, तर मणक्याला हात लावल्यामुळे नव्हे, न लावल्यामुळे.

शेजारच्या खाटेवरच्या बाईंच्या मानेचं ऑपरेशन झालं होतं. त्यांचे यजमान एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. तीस वर्षं गर्दीत उभं राहिल्यानं त्यांना बसायचं वळण नव्हतं. ते वॉर्डातही दांडी धरल्यासारखे खाटेच्या लोखंडाला धरून उभे असत. त्यांनी माझी हकिगत विचारली. मी सांगितली, आणि शेवटी सवयीनं म्हटलं, "तशी साधी गाठ आहे."

"बाई, आमच्या एसटीत साधी गाडी कोणती?"

"सगळ्या थांब्यांवर थांबते ती."

"हां. अन् पोचते कुठं? जलद जिथं पोचते तिथंच." त्यांनी तिकीट फाडल्यासारखी दोन बोटं हवेत हलवली. "फरक येवढाच का साधीत बसलेल्या मानसाले वाटते, टाईम हाय अजून, उतरू कुठंही. तुमाले उतराचे थांबे आले होते बाई. पेरणी, पोळा, महालक्ष्म्या. तुमी खिडकीतून पाहात बसल्या."

त्यांच्या बायकोला मान हलवता येत नव्हती, म्हणून ती छताकडे बघूनच म्हणाली, "तुमी चूप बसा ना जरा. पेशंट हाय ते."

"खोटं बोललो काय?"

नव्हते बोलले. मी भिंतीकडे कूस वळवून देण्यासाठी आयाला हाक मारली, कारण एव्हाना ते मला स्वतःहून जमत नव्हतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एक पुढारी वॉर्डात फळं वाटायला आले. सोबत सात माणसं आणि एक कॅमेरा. फळ देताना मी हसावं अशी त्यांची सूचना होती. खाटेच्या कडेला माझी लघवीची पिशवी लोंबत होती आणि ती फोटोत येत होती. कंडक्टरसाहेबांनी पुढे होऊन, साहेबांना नमस्कार करता करता, पायानं ती चादरीआड सरकवली. पाहायला आलेल्या पन्नास माणसांनी माझ्यासाठी जे केलं नाही, ते त्या एका पायानं केलं.

पेढे

मला आत नेण्याआधी विलास खाटेपाशी आला. त्याच्या मुठीत पुन्हा माझी जोडवी-बांगड्या.

"मले भेव वाटत होतं," तो म्हणाला. "साधी हाय म्हणून मी तीच गोष्ट धरून बसलो. ऑपरेशन म्हटलं का तो बसलेला माणूस दिसे."

"तुमी त्याले पाह्यलं तरी हाय काय कधी?"

"नाई."

हे उत्तर मला भूल चढेपर्यंत पुरलं.

शुद्धीवर आले तेव्हा कुणीतरी म्हणत होतं, "पाय हलवा. उजवा. छान. आता डावा." मी डावा हलवला. माझ्या समजुतीप्रमाणे जोरात हलवला. डॉक्टर वाकून म्हणाले, "अंगठा किंचित हलला. किंचित."

दहा दिवसांनी तपासणीचा अहवाल आला. विलास अर्धा किलो पेढे घेऊन वॉर्डात शिरला. "साधीच निघाली! साधीच!" सगळ्यांना पेढे वाटले. सिस्टरला, आयाला, कंडक्टरांना. मलाही एक दिला. माझा डावा पाय चादरीखाली विटेसारखा पडलेला होता. मी पेढा खाल्ला. चांगला होता. पण तेव्हापासून मला पेढा नको वाटतो.

कोणतं बोट

घरी आल्यावरचं थोडक्यात सांगते. आधी वॉकर, मग काठी. डावं पाऊल अजून लोंबतं. लघवीला घड्याळ पाहून जावं लागतं, लागलं म्हणून जाता येत नाही. हे बायकांनी एकमेकींना सांगायला हवं आणि कुणी सांगत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. गावातल्या चांभारानं माझ्या चपलांना मागून पट्टा शिवून दिला. "आता नाई जात कुठं," तो म्हणाला. चप्पल नाही जात. पीडाही नाही.

रोज सकाळी वावरात जाण्याआधी विलास माझ्या पायाशी बसतो. डॉक्टरांनी शिकवलेला खेळ आहे. मी डोळे मिटायचे, त्यानं एक बोट धरायचं, मी कोणतं ते ओळखायचं.

"कोणतं?"

"मधलं."

"अंदाज नोको मारू."

"मंग करंगळी."

"मी धरलंच नाई अजून."

आम्ही हसतो. सुरुवातीला पाचातलं एकही ओळखू येत नव्हतं, आता अंगठा आणि त्याच्या शेजारचं येतं. त्याला मी माफ केलं का, असं एका नातेवाईक बाईनं विचारलं. अजून नाही. स्वतःलाही नाही. पण सकाळी पाय पुढे करते.

सत्कार

जानेवारीत वाचनालयानं माझा सत्कार ठेवला. फलकावर 'मृत्यूवर मात करणाऱ्या' असं लिहिलं होतं. मी सचिवांना म्हटलं, "सर, मृत्यूचा संबंध नव्हता. गाठ साधी होती."

"मॅडम, फलक छापून झाला," ते म्हणाले.

व्यासपीठाला तीन पायऱ्या होत्या आणि धरायला काही नव्हतं. माझ्या चालण्याचा गौरव करायचा असल्यामुळे मला तिथपर्यंत चालत नेण्याचा विचार कुणाला सुचला नसावा. "आपण फक्त वर या," सचिव माइकवरून तीनदा म्हणाले. मी खालीच काठी धरून उभी राहिले. शेवटी शाल, नारळ, अध्यक्ष आणि फोटोग्राफर अशी सगळी मिरवणूक माझ्याकडे खाली उतरली, आणि त्यात नारळ एका पायरीवरून गडगडत गेला. त्यालाही कठडा नव्हता.

'दोन शब्द' बोलायला सांगितलं. मी म्हटलं, "डॉक्टरांनी पंधरा दिवस सांगितले होते. मी चार महिने थांबले. तुम्ही थांबू नका." टाळ्या पडल्या. मग सचिवांनी माझ्या जिद्दीवर वीस मिनिटं भाषण केलं.

लोक चहाकडे वळले तेव्हा धनज गावची एक बाई सुनेला घेऊन माझ्याकडे आली. सून पंचविशीची असेल. मागे मागे उभी.

"बाई, हिले बी तशीच हाय, पाठीत. साधी. डॉक्टर म्हणे लवकर काढा. आमी म्हटलं, तूर निघू द्या."

मी सुनेला विचारलं, "चप्पल राह्यते काय पायात?"

तिनं सासूकडे पाहिलं. सासूच हसून म्हणाली, "दोनदा हरपली ना तिची! म्या म्हटलं, जाऊ दे बाप्पा, पीडा गेली."

मी व्यासपीठाच्या खालच्या पायरीवर बसले. माझ्या सत्काराला त्या पायऱ्यांचा तेवढाच उपयोग झाला. पोरीला शेजारी बसवलं, तिचा पाय माझ्या मांडीवर घेतला. ती संकोचली, ओढून घ्यायला लागली. "राहू दे," मी म्हटलं. "डोळे मीट अन् सांग, कोणतं बोट धरलं मी?"

तिनं शहाण्या मुलीसारखे डोळे घट्ट मिटले. आम्ही दोघी थांबलो. सासू कपातला चहा फुंकत होती, ती थांबली.

"धरा ना बाई," पोरगी म्हणाली. "धरसान तवा सांगीन."

मी तिचा अंगठा केव्हाचा धरून बसले होते. सासू माझ्या हाताकडे पाहत होती.